आधी बेड, मग रंग

भिलाई म्हटलं की रूळ आणि झोतभट्ट्या आठवतात. तिथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी केलं ४ फेब्रुवारी १९५९ ला. पण असल्या अवाढव्य कारखान्याला रोज शाफ्ट लागतो, बुश लागतात, पिना, रोलर, कपलिंग लागतात, आणि ते सगळं काही आत बनत नाही. म्हणून नंदिनी रोडच्या अंगाला, लाइट इंडस्ट्रियल एरियात, हथखोजच्या हेवी इंडस्ट्रियल एरियात छोटी वर्कशॉप आहेत. आयटीआयमधून टर्नर होऊन दुसऱ्याच्या मशीनवर काही वर्षं राबलेल्या पोराला स्वतःची शेड टाकायची झाली की पहिली खरेदी लेथची. नवा परवडत नाही. म्हणून जुना.

जुन्यांतही घराणी आहेत. बटाला आणि राजकोटचे हलके लेथ स्वस्त, सुटे भाग सहज मिळणारे, आणि फुटांवर ओळखले जाणारे: साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. त्यांच्या वरच्या पायरीवर एचएमटी. १९५३ साली बंगळूरला स्विस ऑर्लिकॉनच्या सहकार्याने सुरू झालेल्या या सरकारी कंपनीचे एनएच २२, एलबी १७ आजही फिरताना दिसतात; त्या आकड्यात सेंटरची उंची सेंटिमीटरमध्ये दडलेली असते. आणि मराठी माणसाचा हात ज्याच्याकडे आपसूक जातो तो म्हणजे किर्लोस्कर. किर्लोस्करवाडीचा नव्हे, १९४१ साली हरिहरला निघालेल्या म्हैसूर किर्लोस्करचा ‘एंटरप्राइज’ किंवा ‘टर्नमास्टर’. कारखाना बंद पडला, मशीन चालूच आहेत. तरी नुसत्या नावावर जाऊ नये, असं माझं मत. झिजलेल्या एचएमटीपेक्षा जपून वापरलेला बटाल्याचा लेथ कधीही बरा.

जपून वापरला की नाही हे कळतं बेडवर. बेड बिडाचा, एकाच ओतकामाचा. चक बदलता येतो, मोटर बदलता येते, बेड बदलायचा म्हणजे मशीनच बदलायचं. छोट्या वर्कशॉपात निम्म्याहून जास्त कामं आखूड असतात, त्यामुळे सॅडल वर्षानुवर्षं चकजवळच्या दीड-दोन फुटांतच पुढंमागं होतं आणि बेड नेमका तिथेच खातो. ओतकामाचा वाळूमिश्रित चुरा पडत राहिला तर आणखी वेगाने. परीक्षा सोपी आहे. सॅडल चकजवळ आणून खालच्या पट्ट्या आवळायच्या, तिथला हलका खेळ काढायचा, आणि हातचाकाने सॅडल टेलस्टॉककडे न्यायचं. वाटेत ते जड होत अडकलं तर न झिजलेल्या भागात आलात असं समजा. चकजवळ गाइडच्या कडेवर, जिथे सॅडल पोचतच नाही, नख फिरवून पाहावं. पायरी लागली तर तीही तेच सांगते. झिजलेला बेड ग्राइंड करून मिळतो, पण सॅडल खाली उतरतं, ॲप्रन आणि लीड स्क्रूची उंची जुळेनाशी होते, मग सगळं उचलून बसवणं आलं. त्या खर्चात दुसरा लेथ यायचा.

दुसरी जागा हेडस्टॉक. चकमध्ये लांब सळई धरून तिला वर उचकटायची आणि डायल गेजचा काटा बघायचा. खेळ निघाला तर बेअरिंग आवळून भागेल का, की बदलावंच लागेल, हा प्रश्न. झाकण उघडून गिअरचे दात डोळ्यांनी पाहावेत. प्रत्येक स्पीडला मशीन चालवावं, नुसत्या मधल्या एका स्पीडला नाही. विकणारा ‘चालू हालत में है’ म्हणतो तेव्हा मोटर फिरते एवढंच त्याला म्हणायचं असतं.

मग एक कट. दोन इंची सळई टेलस्टॉकशिवाय पाच-सहा इंच बाहेर काढून बारीक कट घ्यायचा आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजायची. फरक आला की पुष्कळजण तोंड फिरवतात. घाई करू नये. लेथ अनेकदा विटांवर किंवा वाकड्यातिकड्या फरशीवर नुसता ठेवलेला असतो, त्याने बेडला पीळ बसतो आणि सरळ मशीनही टेपर काढतं. हा टेपर लेव्हलिंगने जातो, झिजेचा जात नाही. बेड आधीच तपासलेला असेल तर हा दोष भाव पाडायला उपयोगी आहे, नाकारायला नाही.

रंगाबद्दल फार बोलायला नको. ताजा हिरवा ऑइल पेंट, खाली पुट्टी, त्याखाली कधी तडाही. क्रॉस स्लाइडचं हातचाक अर्धा फेरा रिकामं फिरलं तरी घाबरायचं कारण नाही, त्याची नट झिजलेली असते. पण चेंज गिअर मोजून घ्यावेत. लीड स्क्रू इंचाचा असेल आणि मेट्रिक आटे काढायचे असतील तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट म्हणजे १२७. नेमका तोच गायब असतो. फोर जॉ चक, फेस प्लेट, स्टेडी हीसुद्धा मशीनसोबतच मागावी. नंतर एकेक घेताना खिसा फाटतो. मी हिशोब असा धरतो: शंभर रुपयांपैकी सत्तर मशीनला, बाकी तीस यांना आणि वाहतुकीला.

मिळतो कुठे? मोठ्या सरकारी कारखान्यांतून निघालेली मशीन एमएसटीसीच्या ई-लिलावात येतात. १९६४ साली स्थापन झालेली ही पोलाद मंत्रालयाखालची कंपनी. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ तत्त्वावर, आधी अनामत, वर जीएसटी, ठरल्या मुदतीत उचल. लॉट मोठे, त्यामुळे ते उचलतो कबाडी आणि छोटा माणूस एकेक मशीन त्याच्याकडून घेतो. कबाडीचा हिशोब किलोवर चालतो. भंगाराचा भाव आणि मशीनचं वजन ठाऊक असेल तर तो कुठवर उतरेल हे कळतं. त्याखाली तो लेथ कापून विकेल, तुम्हाला देणार नाही. त्याहून चांगला सौदा बंद होणाऱ्या वर्कशॉपातला. तिथे चालवणारा टर्नर समोर असतो, आणि कुठला स्पीड लागत नाही हे तो विचारल्यावर सांगतो.

मशीन हलवायला हायड्रा क्रेन लागते. पट्टा लीड स्क्रूखालून किंवा फीड रॉडखालून गेला तर तो वाकलाच म्हणून समजा. बेडच्या फासळ्यांखालूनच घ्यायचा. वीज तीन फेजची. दोन-तीन एचपीपर्यंतची मोटर व्हीएफडी लावून सिंगल फेजवर फिरवता येते, त्याहून मोठ्या मोटरला हा मार्ग धरू नये.

जागेवर बसवून लेव्हल केली की पहिलं काम स्वतः मशीनचंच असतं: क्रॉस स्लाइडची ती झिजलेली नट गनमेटलमध्ये नवी करणं. आटे बहुतेक वेळा डावे असतात, ते आधी पाहून घ्यावं. आणि जुनी नट काढून टाकण्याआधीच नवी कापावी, नाहीतर ती कापायला शेजारच्या शेडमध्ये जावं लागेल.