खंजेरी एकाच्या हाती, भजन साऱ्यांचं

आर्वी-आष्टीकडून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि थोड्याच अंतरावर मोझरी येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तिथे १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला. नदीने दोन जिल्हे वेगळे केले, तरी खंजेरीने ती हद्द कधी मानली नाही. वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत गुरुदेव सेवा मंडळं आहेत. भगवी टोपी घातलेले सेवक ‘जयगुरु’ म्हणत एकमेकांना भेटतात, सामुदायिक प्रार्थनेला बसतात, आणि मग भजनाला रंग चढतो.

खंजेरी दिसायला लहानशी. लाकडी कडं, त्यावर एका अंगाने ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. ती डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताने थाप द्यायची. डावं मनगट हललं की चकत्या छणछणतात, उजवी बोटं पडली की कातडं बोलतं. पावसाळी हवेत कातडं सैल होऊन आवाज बसतो, तेव्हा विस्तवाची धग दाखवून ते पुन्हा ताठ करून घ्यावं लागतं. आता कृत्रिम पानाच्या, स्क्रूने कसायच्या खंजेऱ्याही मिळतात. त्यांना पावसाची भीती नाही.

खंजेरी मुख्य गायकाच्या हाती असते. बाजूला पेटी, तबला किंवा ढोलक, टाळ आणि मागे झील धरणारे. गायक धृपद एकदा म्हणतो आणि झीलकरी ते उचलतात. कहरव्याच्या आठ मात्रा चालू असतात. ओळ संपते तिथे दोन-तीन मात्रांची जागा मोकळी राहते आणि खंजेरी नेमकी तेवढीच भरून काढते. अंतऱ्यात गायक एकटा पुढे जातो, तेव्हा ढोलक हात हलका करतो आणि टाळ दबतात, कारण शब्द ऐकू जायला हवेत. गायक धृपदावर परतला की सगळे पुन्हा एकदम उठतात. हळूहळू लय चढते. शेवटच्या फेऱ्यांत गायक अर्धीच ओळ म्हणून थांबतो आणि उरलेली अर्धी झीलकरी पुरी करतात. त्याला तेवढ्यात दम घेता येतो, त्यांना शब्द मिळतो. मग समेवर एकच थाप पडते आणि सगळं एकदम थांबतं. तिथे एक जरी टाळ मागाहून वाजला, तरी अंगणातल्या शेवटच्या माणसाला कळतं. झीलकरी जागे नसतील, तर गोड गळ्याच्या गायकाचंही भजन पडतं.

एकमेकांसाठी जागा सोडत मिळून वाजवायची ही कला जगात अनेकांनी आपापल्या परीने साधली आहे. बाली बेटावरचा गामेलान हा कांस्याच्या पट्ट्या, घंटा आणि ढोल यांचा ताफा. तिथे एकच चाल दोन वादकांत वाटून दिलेली असते. एकाने सोडलेले आघात दुसरा वाजवतो आणि ऐकणाऱ्याला एकसंध, अतिवेगवान धून ऐकू येते. तिथल्या वाद्यांच्या जोड्याही मुद्दाम किंचित वेगळ्या सुरांत लावलेल्या असतात. त्यामुळे दोन्ही मिळून वाजल्या की स्वर थरथरतो. एकट्या वाद्यातून तो थरार निघत नाही. वादक बहुधा वस्तीतलेच. गुरू वाजवून दाखवतो, बाकीचे ऐकून उचलतात, कागद लागत नाही. आपल्या भजन मंडळातही चाल अशीच कानांनी पोचते.

तुकडोजी महाराजांनी भजनाच्या या रचनेतली ताकद ओळखली. १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला सुमारे महिनाभर राहिले. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचे होते आणि सेवाग्रामला अजून शेगावच म्हणत. त्यांच्या भजनांत ग्रामसफाई होती, व्यसनमुक्ती होती, अस्पृश्यतेला विरोध होता आणि स्वराज्यही होतं. १६ ऑगस्ट १९४२ ला वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातलं चिमूर इंग्रजांविरुद्ध पेटून उठलं. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. भजनातून गाव जागं होतं, हे सरकारलाही पटलं होतं. पुढे १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेतही महाराज खंजेरी घेऊनच गेले. ‘ग्रामगीते’त त्यांनी सामुदायिक प्रार्थनेवर इतका भर दिला, त्यामागेही हाच अनुभव असावा. जी माणसं एका लयीत गायला शिकतात, त्यांना एका कामाला हात लावणं सोपं जातं.

आज खंजेरी भजन स्पर्धा गावोगावी होतात. पुरुष, महिला, बालक असे गट असतात आणि महिलांची मंडळं हिरिरीने उतरतात. ही परंपरा टिकण्यात स्पर्धांचा मोठा वाटा आहे. मात्र एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ध्वनिक्षेपक आला तो मुख्य गायकापुढे ठेवला गेला आणि झील मागे पडली. मोबाइलवर फिरणाऱ्या ध्वनिफितींत तर ती बारीक कुजबुजीइतकी उरते. ऐकणाऱ्या पोराला मग वाटतं की भजन म्हणजे एक गायक आणि एक खंजेरी.

आयोजकांनी दुसरा माइक झीलकऱ्यांपुढे ठेवावा. परीक्षकांनी आवाज, ताल, उच्चार यांच्या जोडीला झिलेलाही स्वतंत्र गुण द्यावेत. मंडळांनी नव्या पोरांना आधी मागच्या रांगेत बसवून ऐकायला शिकवावं, खंजेरी नंतर हाती द्यावी. मागे बसून जो नेमका उचलायला शिकला, तोच उद्या पुढे बसून इतरांसाठी जागा सोडेल. तुकडोजी महाराजांना गावाकडून हवं होतं तेही हेच.