तारा निघाल्यावर पुढे काय? झिजलेले दात आणि चावा



दातांना तारा लावणे आता फक्त शाळकरी मुलांपुरते राहिलेले नाही. मोठी माणसेही लावून घेतात. तारा निघाल्या, दात ओळीत आले की उपचार संपला असे वाटते. मात्र दात झिजलेले असतील तर काम अर्धेच झालेले असते.

दाताचा वरचा कठीण थर म्हणजे इनॅमल. दात उगवून आल्यावर इनॅमल तयार करणाऱ्या पेशी उरत नाहीत, म्हणून झिजलेला थर पुन्हा येत नाही. झोपेत दात खाणे, आंबट पेये, तोंडात येणारे पित्त, जोर लावून ब्रश करणे ही झिजेची कारणे. आपल्या भागात खर्ऱ्यातील सुपारीने दाढा सपाट होतात. कर्करोगाचा धोका वेगळाच.

आधी तारा कशासाठी?
दात झिजून आखूड झाला की तो हाडासकट हळूहळू समोरच्या दाताकडे सरकतो. मग कॅपसाठी जागा उरत नाही आणि दात आणखी घासावा लागतो. तारांनी दात मागे सरकवला तर ही जागा परत मिळते व उरलेला दात वाचतो.

तारांनंतरच्या पायऱ्या
१. आखूड दातांवर कॉम्पोझिट चढवून उंची वाढवतात.
२. रंगीत कागद चावायला देऊन कुठे जास्त दाब पडतो ते पाहतात.
३. काही महिने जबडा न दुखता नीट चावता आले, तर गरजेप्रमाणे सिरॅमिक कॅप बसवतात.
४. दातांचा आकार बदलल्याने काढ-घाल करायचा जुना रिटेनर बसत नाही; नवा घ्यावा लागतो. तो वापरला नाही तर दात पुन्हा सरकतात.
५. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास नाइट गार्डबद्दल विचारावे.

खर्चाचे नियोजन
तारा लावणारे आणि कॅप बसवणारे डॉक्टर वेगळे असतात. दोघांनी मिळून आराखडा तारा लावण्यापूर्वीच ठरवावा. कॅप, नवा रिटेनर व नाइट गार्ड धरून एकूण खर्च लेखी मागावा. नाहीतर पैसे तारांवरच संपतात. बहुतेक आरोग्य विम्यात हा खर्च मिळत नाही, पॉलिसी वाचून घ्यावी. तिरोडीहून तुमसरमार्गे नागपूरला जाता येते. तेथील शासकीय दंत महाविद्यालयात दोन्ही विभाग एकाच ठिकाणी आहेत.