धूर परत आत घेणारी झडप

आपल्या बऱ्याच मंडळींकडे अजून जुन्या डिझेल गाड्या आहेत. गाडी मुसाखमध्ये नेली की ऐकू येते, "ईजीआर व्हॉल्व्ह गेला", आणि बिल मोठे येते. हा व्हॉल्व्ह करतो काय, हे ठाऊक असलेले बरे.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू, म्हणजे नायट्रोजन, असतो. एरवी तो निमूट असतो; पण इंजिनात उष्णता १५०० अंशांच्या वर गेली की तो प्राणवायूशी भराभर संयोग पावतो. त्यातून होणारे वायू छातीला वाईट, दमेकऱ्यांना तर फारच. म्हणून इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग परत आत सोडतात. त्यात प्राणवायू कमी असल्यामुळे उष्णता उतरते. धूर केव्हा व किती सोडायचा, ते ही झडप सांभाळते.

पण कोकणातला कंदील आठवा. वात फार वर काढली की हवा पुरत नाही आणि काच काळी होते. येथेही तसेच. प्राणवायू कमी, म्हणून काजळी जास्त. तिच्यात इंजिनातल्या तेलाची वाफ मिसळली की डांबरासारखा थर बसतो व झडप अडकते. उघडी अडकली तर गाडी धक्के देते, काळा धूर सोडते, सिग्नलला बंद पडते. बंद अडकली तर चालवणाऱ्याला फारसे कळत नाही. त्रास मागच्यांच्या छातीला. काहीजण वाळूला दोष देतात. पण आपले नेगेव असो वा कतारचे समैस्मा, बाहेरची धूळ हवेचा फिल्टर अडवतो. झडप बिघडवते ती इंजिनाच्या पोटातली काजळी.

मोठ्या कंपन्यांनीही येथे लबाडी केली आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तपासणीत धूर नीट परत घेत आणि रस्त्यावर कमी घेत. हे २०१५ साली उघड झाले. पुण्याच्या एआरएआय संस्थेनेही तपासणी केली आणि त्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

कोणी मेकॅनिक पत्रा लावून झडप कायमची बंद करू म्हणाला, तर आमच्या मते साफ नकार द्यावा. आधी ती काढून साफ करायला सांगावे. पुष्कळदा तेवढ्याने भागते. तिची विजेची मोटर जळली असेल तरच नवी घ्यावी. रोज फक्त मकोलेतपर्यंत गाडी नेणाऱ्यांनी मधूनमधून हमरस्त्यावर अर्धा तास चालवावी, म्हणजे इंजिन पुरते तापते. बसलेला जाड थर मात्र त्याने निघत नाही.