सफारीचा हिशेब : सेलूच्या बोरपासून केनियाच्या मारापर्यंत

जंगलसफारीचा खर्च मुख्यतः चार गोष्टी ठरवतात : जंगल किती दूर आहे, मुक्काम किती दिवसांचा आहे, गाडीत वाटेकरी किती आहेत आणि ऋतू कोणता निवडला आहे. आफ्रिकेची सफारी म्हटले की मध्यमवर्गीय कुटुंबाच्या डोळ्यांपुढे लाखांचे आकडे उभे राहतात आणि बेत बहुधा तिथेच मोडतो. पण हे चार घटक सुटे करून पाहिले, तर त्यांपैकी पहिला सोडून उरलेले तीन बऱ्याच अंशी प्रवाशाच्याच हातात असतात, असे दिसून येते. हा हिशेब शिकण्यासाठी विदर्भातील वाचकाला समुद्र ओलांडण्याची गरज नाही, कारण त्याची सगळी कलमे वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, हिंगणी गावाच्या पुढे सुरू होणाऱ्या बोरच्या जंगलात लहान प्रमाणात पाहायला मिळतात.

लहानसा व्याघ्र प्रकल्प

बोर नदीवरील धरणाच्या जलाशयाभोवती पसरलेल्या या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०१२ मध्ये लगतचा वनप्रदेश ‘नवीन बोर’ या नावाने त्याला जोडला गेला आणि २०१४ मध्ये बोर हा महाराष्ट्रातील सहावा व्याघ्र प्रकल्प झाला. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री आणि नवेगाव-नागझिरा हे त्याआधीचे पाच प्रकल्प होत. व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग असतात : वाघांच्या निवासासाठी आणि प्रजननासाठी शक्य तितका अबाधित ठेवलेला आतला भाग म्हणजे गाभा क्षेत्र, आणि त्याभोवतीचा, जिथे गावे, शेती व जंगल एकत्र नांदतात तो भाग म्हणजे बफर क्षेत्र. बोरचे गाभा क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटर असून देशातील लहान गाभा क्षेत्र असलेल्या व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते.

आकार लहान असला, तरी जागा मोक्याची आहे. ईशान्येला पेंच, आग्नेयेला ताडोबा आणि पश्चिमेला मेळघाट अशा मोठ्या जंगलांच्या मधोमध बोर येत असल्याने एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणाऱ्या वाघांना ते थांब्यासारखे उपयोगी पडते. वाघांच्या अशा येण्याजाण्याच्या पट्ट्याला संचारमार्ग म्हणतात, आणि हे मार्ग आज रस्त्यांनी व वस्त्यांनी चिरले गेले आहेत. बोरचा ‘बाजीराव’ नावाने ओळखला जाणारा प्रसिद्ध वाघ २०१७ च्या डिसेंबरअखेरीस नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला, ही घटना या प्रश्नाची तीव्रता पुरेशी स्पष्ट करते.

फेरीचे गणित

सफारीच्या खर्चाचे मूळ एकक म्हणजे फेरी. सकाळी सूर्योदयाच्या सुमारास एक आणि दुपारनंतर एक अशा दिवसाला दोन फेऱ्या असतात, प्रत्येक फेरी सुमारे चार तासांची असते आणि प्राणी दिसण्याची शक्यता फेऱ्यांच्या संख्येबरोबर वाढते, हॉटेलच्या दर्जाबरोबर वाढत नाही. म्हणूनच ज्याच्याकडे पैसा मोजका आहे त्याने आधी फेऱ्यांची संख्या ठरवावी आणि उरलेल्या रकमेत बसेल असा मुक्काम शोधावा, हा क्रम उलटा केला की खर्च वाढूनही जंगल कमी पाहिले जाते.

एका फेरीच्या खर्चात प्रवेशशुल्क, जिप्सीचे भाडे, वाटाड्याचे म्हणजेच गाइडचे मानधन आणि मोठे भिंग असलेल्या कॅमेऱ्याचे वेगळे शुल्क ही कलमे येतात. उघड्या जिप्सीत चालक व गाइड यांच्याखेरीज साधारणपणे सहा पर्यटक बसतात आणि भाडे व मानधन ही मोठी कलमे माणसामागे नसून गाडीमागे असतात, त्यामुळे गाडीतील प्रत्येक रिकामी जागा उरलेल्यांच्या खिशातून भरली जाते. समजा, एका फेरीचा गाडीमागचा एकूण खर्च सहा हजार रुपये धरला, तर दोघेच गेल्यास प्रत्येकी तीन हजार आणि सहा जण गेल्यास प्रत्येकी एक हजार पडतात; म्हणजे जोडप्याने एका फेरीसाठी जे पैसे मोजले, तेवढ्यात सहा जणांच्या गटातील प्रत्येकाच्या तीन फेऱ्या होतात. शनिवार-रविवारचे दर अनेक प्रकल्पांत चढे असतात, त्यामुळे मधल्या वारी जाणाऱ्याची बचत होते. मात्र आठवड्यातून एक दिवस प्रकल्प बंद असतो, तो वार आरक्षणाआधी पाहून घ्यावा लागतो.

आरक्षण ऑनलाइन होते, आणि ते लवकर संपण्यामागे एक कायदेशीर कारण आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटनाला मुभा असते. बोरच्या बाबतीत ही कमाल मर्यादा २७-२८ चौरस किलोमीटर इतकीच भरते, त्यामुळे गाड्यांची संख्याही मोजकी ठेवावी लागते. गाभ्याचे आरक्षण न मिळाल्यास बफर क्षेत्रातील प्रवेशद्वारांचा पर्याय राहतो, जिथले दर बहुधा कमी असतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग राबवत असलेला ‘निसर्गानुभव’ उपक्रम हा आणखी एक मार्ग आहे. त्यात पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून चांदण्यात येणाऱ्या प्राण्यांची नोंद करता येते.

प्रवासाच्या खर्चात बोरची बाजू भक्कम आहे. नागपूर-वर्धा लोहमार्गावर सेलू रोड हे स्थानक आहे, जलद गाड्या वर्धा आणि सेवाग्राम येथे थांबतात, समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो आणि नागपूरहून निघालेला प्रवासी दीड-दोन तासांत बोरधरणच्या प्रवेशद्वारापाशी पोहोचतो. शनिवारच्या गर्दीऐवजी मधला वार धरून दुपारची एक आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एक अशा दोन फेऱ्या घेतल्या, तर एकाच रात्रीच्या मुक्कामात सफारी पूर्ण होते, आणि परतीच्या वाटेवर केळझरचा सिद्धिविनायक, पवनार किंवा १९३६ मध्ये गांधीजींनी मुक्काम केलेले सेवाग्राम पाहता येते.

ऋतू आणि नजर

बोरचे जंगल शुष्क पानगळीचे आहे, म्हणजे साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह यांसारखी झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर पाने टाकतात. पावसाळ्यात, साधारणपणे जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते उघडते तेव्हा गवत उंच आणि पाणी सर्वत्र असल्याने प्राणी विखुरलेले असतात. तर एप्रिल-मे महिन्यांत पाने गळून दृष्टी दूरवर पोहोचते आणि आटलेल्या नाल्यांमुळे प्राणी ठरावीक पाणवठ्यांकडे वळतात. पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारा वर्ध्याचा उन्हाळा सोसण्याची तयारी असेल, तर कमी फेऱ्यांत जास्त पाहण्याचा हाच काळ होय. हिवाळा सुखाचा असला, तरी उघड्या जिप्सीतील पहाटेच्या गारठ्याने पहिल्या तासातच हातपाय आखडतात, म्हणून कानटोपी आणि जाड चादर यांना तेव्हा दुर्बिणीइतकेच महत्त्व येते.

दिसणे ही अर्धी गोष्ट असून उरलेली अर्धी ऐकण्याची आहे. वाघ किंवा बिबट्या हालचाल करू लागला की चितळ, सांबर आणि वानरे सावधगिरीचा आवाज देतात, त्याला जंगलात ‘कॉल’ म्हणतात. चितळ थोडक्या शंकेनेही ओरडते, सांबर मात्र सहसा खात्री पटल्यावर आवाज देते, त्यामुळे अनुभवी गाइड सांबराच्या कॉलवर गाडी वळवतो. रानगवा, नीलगाय, अस्वल, रानकुत्रे, चौसिंगा आणि असंख्य पक्षी असलेल्या या जंगलात केवळ वाघ दिसला का, या एका प्रश्नावर फेरीचे मोल ठरवले, तर दिलेल्या पैशांचा मोठा भाग न पाहताच वाया जातो.

मारा आणि क्रुगर

‘सफारी’ हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतून जगभर गेला, तिथे त्याचा अर्थ केवळ प्रवास असा आहे. तो मूळ अरबीतील ‘सफर’वरून आला, आणि मराठीत रूढ झालेली ‘सफर’ हीदेखील त्याच मुळाची आहे. शब्द एका कुळातले असले, तरी भूमीचे स्वरूप वेगळे आहे. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे, म्हणजे बोरच्या गाभ्याच्या शंभरपटीहून मोठे आहे, आणि त्याला लागून असलेले केनियाचे मसाई मारा सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे आहे. ही सवाना आहे, म्हणजे तुरळक झाडे असलेले विस्तीर्ण गवताळ माळरान, त्यामुळे तिथे सिंह, हत्ती, जिराफ दुरूनही दिसतात आणि बोरमध्ये कानांवर पडणारा भार तिथे डोळ्यांवर पडतो.

ऋतूचा परिणाम मारामध्ये थेट दरपत्रकावर दिसतो. २०२४ पासून तिथे परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते, कारण जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास सेरेंगेटीकडून लाखो विल्डेबीस्ट हे कुरंगवर्गीय प्राणी मारामध्ये येतात आणि हे स्थलांतर पाहण्यासाठी जगभरातून गर्दी होते. चार प्रौढांच्या कुटुंबाने तीन दिवस काढले, तर केवळ प्रवेशाचे उन्हाळी सुटीत १,२०० आणि ऑगस्टात २,४०० डॉलर होतात. स्थलांतराचा हट्ट सोडणाऱ्याला तेच सिंह आणि तेच हत्ती निम्म्या शुल्कात दिसतात. मात्र मार्च ते मे हा तिकडचा मोठ्या पावसाचा काळ असल्याने जानेवारी, फेब्रुवारी किंवा जून हे महिने अधिक सोयीचे ठरतात.

गाडीचे भाडे वाचवायचे असेल, तर दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचा विचार होतो. सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात साधी मोटार भाड्याने घेऊन पर्यटकाला डांबरी रस्त्यांवरून स्वतःच फिरता येते, स्कुकुझा किंवा साटारा यांसारख्या कुंपण घातलेल्या शासकीय छावण्यांत राहता येते आणि तिथल्या स्वयंपाकाच्या सोयीमुळे पोळी-भाजीचा प्रश्नही सुटतो. ताशी ५० किलोमीटरची वेगमर्यादा, ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून न उतरणे आणि संध्याकाळी दार बंद होण्याआधी छावणीत परतणे, हे नियम तिथे काटेकोरपणे पाळावे लागतात. इथे गाइड नसतो, त्यामुळे बोरसारख्या जंगलात आधी मिळवलेली नजर थेट कामी येते.

काही खर्च मात्र टाळता येत नाहीत. केनियाहून परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र नसल्यास भारतात उतरल्यावर विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. मारा आणि क्रुगर दोन्ही भागांत हिवतापाचा धोका असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागतात. केनियासाठी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो, तर दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसासाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवावा लागतो.

पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातीत ‘पाच दिवसांची सफारी’ असे लिहिलेले असते, पण त्यातला जाण्याचा एक आणि येण्याचा एक दिवस रस्त्यात जातो, आणि उरलेल्या तीन दिवसांत प्रत्यक्ष फेऱ्या किती, एका गाडीत माणसे किती, प्रवेशशुल्क रकमेत धरले आहे की वेगळे, याचा उल्लेख अनेकदा बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. ज्याने बोरधरणच्या दारावर सहा जणांत एक जिप्सी वाटून घेतली आहे, त्याला हे तीन प्रश्न कोणी शिकवावे लागत नाहीत, आणि त्यांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत तो आगाऊ रक्कम भरत नाही.