निळं सेकंड क्लास, पण कोणतं?

ब्रिटनची रोजच्या टपालाची तिकिटं वजनावर विकत मिळतात. तिथल्या धर्मादाय संस्था पाकिटांचे तिकीट लावलेले कोपरे कापून गोळा करतात. मग ते किलोच्या हिशेबानं विकले जातात आणि फिरत फिरत आपल्याकडच्या संग्राहकांच्या हाती येतात. पिशवी टेबलावर रिकामी केली की सगळीकडे एकच चेहरा दिसतो. मुकुट घातलेली, डावीकडे पाहणारी दुसरी एलिझाबेथ. देशाचं नाव कुठेच नाही. चित्र तेच, आकार तोच. ‘सगळी सारखीच तर आहेत’ असं म्हणून बरेच जण ही पिशवी बाजूला ठेवतात. मला मात्र या छंदातलं सगळ्यात समाधानाचं काम याच पिशवीत सापडलं.

हा चेहरा अर्नोल्ड मेचिन या शिल्पकारानं घडवलेल्या उठावशिल्पावरून घेतलेला. या मालिकेतली पहिली तिकिटं 5 जून 1967 रोजी निघाली आणि 2023 साली राजे चार्ल्स यांची तिकिटं येईपर्यंत हाच चेहरा चालू राहिला. मधल्या काळात ब्रिटनचं चलन बदललं, टपालाचे दर बदलले, छापखाने बदलले, पत्रं निवडणारी यंत्रं बदलली, बनावट तिकिटं करणारेही हुशार झाले. या प्रत्येक बदलाची खूण तिकिटावर उमटली आहे. खुणा बारीक आहेत, पण जवळपास प्रत्येकीमागे टपालखात्याची काहीतरी गरज आहे. ती गरज आधी समजून घेतली तर डोळा आपोआप योग्य जागी जातो. नुसते फरक पाठ करायला गेलं तर आठवड्याभरात कंटाळा येतो.

पहिली वाटणी सोपी. 15 फेब्रुवारी 1971 पासून ब्रिटननं दशमान चलन घेतलं, त्यामुळे किमतीपुढे ‘डी’ असेल तर जुनं, ‘पी’ असेल तर नवं. वरच्या कोपऱ्यात सिंह, ड्रॅगन किंवा पंजा दिसला तर ते स्कॉटलंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंडचं. ही सगळी वेगळी काढली, किमतीप्रमाणे ढीग लावले, की खरं काम समोर येतं.

समजा, निळ्या सेकंड क्लासचा ढीग घेतला. या तिकिटावर किंमत नसते, फक्त ‘सेकंड’ची खूण असते. ऑगस्ट 1989 मध्ये ही बिनकिमतीची तिकिटं आली. दर वाढले तरी जुनं तिकीट चालावं, हा हेतू. 1989 चं निळं उजळ, 1990 चं गडद, आणि पुढे पुन्हा उजळ. पण रंगाच्या भरवशावर मी कधी वाटणी सुरू करत नाही. उन्हात राहिलेलं पाकीट, रंगीत पाकिटासह पाण्यात भिजलेलं तिकीट, शिक्क्याची शाई, या सगळ्यांनी रंग फिरतो. रंग शेवटी पाहायचा, तोही दिवसाच्या उजेडात, खात्रीचं तिकीट शेजारी ठेवून.

आधी कडा पाहायच्या. 1993 पासून तिकिटाच्या दोन्ही उभ्या कडांवर, खालच्या बाजूला, गोल छिद्रांच्या रांगेत एकेक लंबगोल छिद्र येऊ लागलं. बनावट तिकिटं करणाऱ्यांना अडवण्यासाठी ही सोय होती. लंबगोल छिद्र आहे की नाही, एवढ्यावर ढिगाचे दोन भाग होतात. मग भिंगाखाली दाते. छिद्रांवरून फाडलेल्या तिकिटाच्या दात्यांना कागदाचे बारीक तंतू लोंबत असतात. स्वतःच चिकटणाऱ्या तिकिटाचे दाते साच्यानं कापलेले, त्यामुळे त्यांची कड गुळगुळीत असते. हा फरक एकदा दिसला की चिमट्यात उचलतानाच कळू लागतो.

त्यानंतर पट्टे, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. ब्रिटिश टपालखात्यानं पत्रं यंत्रानं सरळ लावायचा प्रयोग 1957 साली साउदॅम्प्टनला केला. तेव्हा तिकिटाच्या पाठीवर ग्राफाइटच्या काळ्या रेघा छापल्या होत्या, पुढे त्यांच्या जागी समोरच्या बाजूला फॉस्फरचे पट्टे आले. यंत्रातला दिवा पट्ट्यावर पडला की पट्टा उजळतो, तिकीट कुठे आहे ते यंत्राला कळतं आणि पाकीट फिरवून शिक्का मारता येतो. 1968 मध्ये पत्रांचे फर्स्ट आणि सेकंड असे दोन वर्ग झाले, तेव्हा ते ओळखायचं कामही याच पट्ट्यांकडे होतं: फर्स्टला दोन पट्टे, सेकंडला एक. हा एक पट्टा शीटच्या तिकिटावर मधोमध असतो. पुस्तिकांमध्ये मात्र एकाच पानावर वेगवेगळ्या दरांची तिकिटं शेजारीशेजारी असत, म्हणून तिथे तो कधी डाव्या कडेला, कधी उजव्या कडेला गेलेला सापडतो. नुसत्या नजरेला ही तिन्ही तिकिटं एकच आहेत. कॅटलॉगमध्ये ती तीन आहेत.

पट्टा पाहायला दिवा लागतोच असं नाही. तिकीट खिडकीकडे धरायचं, डोळ्यांच्या पातळीवर आणायचं आणि हळूहळू तिरकं करायचं. एका कोनाला कागद चमकतो, पण पट्ट्याची जागा मंद राहते. शिक्का जाड असेल तर हा उपाय चालत नाही, मग अतिनील दिवा काढावा लागतो. लांब लहरींच्या दिव्यानं कागदाची आणि शाईची चमक कळते. पट्ट्याचा मागे रेंगाळणारा उजेड पाहायला आखूड लहरींचा दिवा लागतो. हा दिवा डोळ्यांना घातक आहे, त्यामुळे चष्म्याशिवाय तो लावू नये. नव्या माणसाला मी हे सगळ्यात आधी सांगतो.

छपाईची पद्धत भिंगाखालीच कळते. ग्रॅव्ह्युअरच्या तिकिटात आकड्याची किंवा अक्षराची कड बारीक करवतीसारखी दातेरी दिसते, लिथोमध्ये ती स्वच्छ सरळ असते. हॅरिसन, क्वेस्टा, वॉल्सॉल, एन्शेडे, डे ला रू अशा अनेक छापखान्यांनी ही मालिका छापली, आणि बऱ्याचदा छपाईच्या पद्धतीवरून छापखान्याचा अंदाज बांधता येतो. क्वेस्टानं लिथोत छापलेलं 2 पेन्सचं तिकीट आधी साडेतेरा गुणिले चौदा दात्यांचं होतं, नंतर पंधरा गुणिले चौदाचं झालं. हे दाते दोन सेंटिमीटरमध्ये मोजतात. दातेमापकावर तिकीट सरकवताना दाते रेषांना बरोबर भिडले की हाताला जी खात्री वाटते, ती वाचून मिळत नाही.

फेब्रुवारी 2009 पासूनची तिकिटं पाण्यात सहसा सुटत नाहीत. ती कागदासकट नीट कापून ठेवायची. त्यांच्यावर इंग्रजी यूच्या आकाराच्या चिरा असतात, म्हणजे तिकीट सोलून पुन्हा वापरायला गेलं तर फाटतं. पृष्ठभागावर ‘रॉयल मेल’ ही अक्षरं लहरींसारखी छापलेली असतात आणि उजेडात तिरकं धरलं तरच दिसतात. या लहरींमध्ये एखाद्या ठिकाणी ‘मेल’ शब्दातलं ‘ए’ जाऊन ‘टी’ आलेलं असतं: तिकीट बाराच्या पुस्तिकेतलं. ‘एस’ म्हणजे सहाची पुस्तिका, ‘बी’ म्हणजे व्यापारी ग्राहकांची शीट, ‘आर’ म्हणजे गुंडाळी. 2010 पासून सालही घातलं गेलं. त्या वर्षी शेवटच्या दोन अक्षरांच्या जागी 10 आलं, आणि पुढच्या वर्षापासून मधल्या दोन अक्षरांच्या जागी 11, 12 असे आकडे. एकाच निळ्या सेकंड क्लासचे यातून किती प्रकार होतात ते पाहून काही जण वैतागतात. मला हे फार आवडतं, कारण अनुमानाची गरज उरत नाही. तिकीट आपण होऊन आपला पत्ता सांगतं.

डिंक आणि कागदाचे फरक कोऱ्या तिकिटांसाठी अधिक महत्त्वाचे. 1973 नंतरच्या डिंकात निळसर हिरवी छटा मिसळलेली असे, जुना गम अरेबिक चकचकीत पिवळट. वापरलेल्या तिकिटावर डिंक उरत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

जलचिन्ह मात्र या मालिकेत नाहीच. ते पाहायचं असेल तर आपलीच 1957 ची नकाशाची मालिका घ्यावी, नया पैसाच्या काळातली, नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेली. भारताचा तोच नकाशा, तीच किंमत, पण आधीच्या कागदात तारे आणि नंतरच्या कागदात अशोकस्तंभाचं शीर्ष. तिकीट काळ्या थाळीत पालथं ठेवून वर बेंझिनचे थेंब टाकले की चिन्ह काही क्षण गडद दिसतं. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना बसवून शिकवायला यापेक्षा चांगली मालिका मला माहीत नाही. बेंझिन मात्र मोठ्यांनीच टाकावं आणि खिडकी उघडी ठेवावी.

किती बारकाव्यापर्यंत जायचं, हा प्रत्येकाचा प्रश्न. स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग बहुतेकांना पुरतो. त्याहून खोल जाणाऱ्यांसाठी डग्लस मायल यांचा डीगॅम ग्रंथ आहे. मी गिबन्सपर्यंत थांबतो. जो फरक माझ्या भिंगाला आणि दिव्याला दिसत नाही, त्यासाठी मी स्टॉकबुकमध्ये वेगळी जागा ठेवत नाही.

2022 पासून तिकिटाला बारकोडची जोड मिळाली, आणि बारकोड नसलेली रोजची तिकिटं 31 जुलै 2023 नंतर चालेनाशी झाली. त्यामुळे जुन्या निळ्या सेकंड क्लासचा ताज्या पत्रांतून येणारा पुरवठा जवळजवळ थांबला आहे. बारकोडमध्ये प्रत्येक तिकिटाचा स्वतःचा वेगळा संकेत असतो. हा भाग राणीच्या उजवीकडे, खोट्या दात्यांच्या पलीकडे असतो आणि घाईत कात्री चालवणारे तो कापून टाकतात. ब्रिटनमध्ये कुणी नातेवाईक असतील आणि तुमच्यासाठी तिकिटं जमवत असतील, तर त्यांना पाकिटाचा कोपरा चार बोटं रुंद कापायला सांगा.