युद्धविरोध, अटी लागू

८ मे २०२५ च्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झालं. निदान आपल्याकडच्या बऱ्याच वाहिन्यांवर तरी झालं. प्रत्यक्षात बंदराला काहीच झालं नव्हतं. १० मेला भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी झाली, तेव्हा विरोधकांचा जोर होता तो घोषणा ट्रम्प यांनी का केली, यावर. हेच पक्ष आणि याच वाहिन्या युक्रेनचा विषय निघाला की शांततेचं महत्त्व सांगतात. दूरच्या युद्धाला विरोध करायला पदरचं काही जात नाही.

पदरचं घालून विरोध करणारा माणूस बघायचा, तर यवतमाळजवळच्या आमच्या लोहाऱ्याहून फार लांब जायला नको. यवतमाळ ओलांडून वर्ध्याच्या रस्त्याला लागलं की कळंबच्या पुढे देवळी येते. २१ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांना अटक झाली ती इथे. चार दिवस आधी पवनारला भाषण करून त्यांनी वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली होती. इंग्रजांच्या युद्धाला माणसं देऊ नका, पैसा देऊ नका, युद्ध कुणाचंही असो त्याला अहिंसेने विरोध करा, हे जाहीरपणे सांगणं एवढाच गुन्हा. शिक्षा तीन महिने. सुटले की पुन्हा बोलायचे, पुन्हा आत जायचे. सत्याग्रहाच्या बातम्यांवर सरकारने बंधन घातलं, तेव्हा बंधन पाळून छापण्यापेक्षा गांधीजींनी ‘हरिजन’ बंद ठेवणं पसंत केलं.

काँग्रेसचं गणित मात्र निराळं होतं. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपल्याला न विचारता देश युद्धात ओढला, म्हणून प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुख्य तक्रार न विचारल्याची होती. जुलै १९४० मध्ये पुण्यात महासमितीने ठरवलं : राष्ट्रीय सरकार द्या, युद्धाला मदत करतो. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी पुढे केलेल्या देकारात दम नव्हता, तेव्हा पुन्हा गांधीजी, पुन्हा अहिंसा. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि बारडोलीत कार्यसमिती परत सशर्त मदतीकडे वळली. स्वातंत्र्यासाठी घासाघीस करण्यात गैर काहीच नाही. फक्त तिला युद्धविरोध म्हणू नये.

आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातले, वणीचे बापूजी अणे मला या बाबतीत सरळ वाटतात. १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेलेला हा टिळकांचा चेला १९४१ मध्ये, ऐन युद्धात, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसला. लोकांनी नावं ठेवली. खुद्द टिळकांनीही १९१४ मध्ये, मंडालेहून सुटून आल्यावर, सरकारला युद्धात साथ देण्याची भाषा केली होतीच. अण्यांनी शांततेचा आव आणला नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणावरून सरकारशी पटेना, तेव्हा पद सोडून मोकळे झाले.

आता आव सगळेच आणतात. भारताने जगाला युद्ध नव्हे, बुद्ध दिला, असं २०१९ मध्ये पंतप्रधान संयुक्त राष्ट्रांत म्हणाले. २०२४-२५ मध्ये आपली संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली, तीही अभिमानाचीच बातमी झाली. दोन्हींना टाळ्या वाजवणारे बहुधा तेच. निर्यातीचं समर्थन करता येतं, पण मग बुद्धाला मध्ये आणायचं कशाला?

आणि दारूगोळा काही परका नाही. पुलगावचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार देवळी तालुक्यातच आहे. ३१ मे २०१६ ला तिथे आग लागून डझनाहून जास्त माणसं गेली, त्यात आग विझवायला धावलेले कर्मचारीही होते. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले, त्यातले बहुतेक रोजंदारीवर आलेले आसपासच्या गावांतले मजूर. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात आठ कामगार गेले. बातम्या ‘दुर्घटना’ म्हणून आल्या, चौकशी आणि भरपाई यांपाशी थांबल्या. विझलेल्या चितांवर युद्धाच्या चर्चेसाठी कॅमेरे आणावेत, असं कुठल्याच वाहिनीला वाटलं नाही.