दानाचा हिशेब आणि हक्काचे मोजमाप

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला आपले निवेदन सादर केले. सरकारी तिजोरीतील महसुलाचा मोठा वाटा कष्टकरी रयतेच्या घामातून येतो. त्या पैशातून दिल्या जाणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरी पडतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, हे त्यांनी आयोगाच्या निदर्शनास आणून दिले. शाळा किती निघाल्या एवढ्यावर ते थांबले नाहीत. पैसा कोणाचा, लाभ कोणाला आणि दाराबाहेर कोण उभे, असा त्यांचा सवाल होता. आजच्या परिभाषेत ज्याला ‘स्वतंत्र मूल्यमापन’ म्हणतात, त्याचे मर्म या सवालात आहे.

आज मानवी हक्क आणि न्याय या क्षेत्रांत देशी-विदेशी देणगीदारांच्या निधीवर नाना प्रकारचे प्रकल्प चालतात. अत्याचारग्रस्तांना कायदेशीर साहाय्य, वेठबिगारांची मुक्तता, सफाई कामगारांचे पुनर्वसन, भटक्या-विमुक्तांना दाखले मिळवून देणे, ही त्यांची काही उदाहरणे. प्रकल्पाच्या मध्यावर किंवा अखेरीस बाहेरचे मूल्यमापक येतात, वस्तीत फिरतात, कागदपत्रे तपासतात आणि अहवाल देतात. वकिली, समाजकार्य, पत्रकारिता या क्षेत्रांत गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचा या प्रक्रियेशी केव्हा ना केव्हा संबंध येतो. पालकांपैकी अनेकांच्या दारातही प्रश्नावली घेऊन कोणी आलेले असते. म्हणून ही प्रक्रिया काय असते आणि कशी असावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

लेखापरीक्षण वेगळे, मूल्यमापन वेगळे

आपल्याकडे या दोहोंची सर्रास गल्लत होते. सार्वजनिक न्यासाला आपले लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. परदेशातून निधी घेणाऱ्या संस्थेला परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० अन्वये वार्षिक विवरणपत्र भरावे लागते. पावती आहे का, खर्च मंजूर बाबीवर झाला का, ताळेबंद जुळतो का, हे लेखापरीक्षक पाहतो. ते आवश्यकच आहे. परंतु शंभर प्रशिक्षण शिबिरांच्या शंभर पावत्या बिनचूक असूनही गावातील पाणवठ्यावरचा भेद जसाच्या तसा राहू शकतो. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने तेथे सारे आलबेल असते. मूल्यमापकाचे काम त्याच ठिकाणी सुरू होते.

बाबासाहेबांची कसोटी

या विषयाचा सर्वांत बोधप्रद धडा आपल्याच इतिहासात आहे. पुणे करारानंतर ३० सप्टेंबर १९३२ रोजी मुंबईतील सभेत अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ स्थापन झाला. घनश्यामदास बिर्ला त्याचे अध्यक्ष आणि अमृतलाल ठक्कर त्याचे चिटणीस होते. पुढे हाच ‘हरिजन सेवक संघ’ झाला. देणग्यांवर चालणारा, देशभर शाखा असलेला आणि एका समाजाच्या उद्धाराचा हेतू सांगणारा हा प्रकल्प होता.

नोव्हेंबर १९३२ मध्ये तिसऱ्या गोलमेज परिषदेस जाताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोटीवरून ठक्करांना एक सविस्तर पत्र लिहिले. अशा कार्याच्या दोन दृष्टी असू शकतात, असे त्यांनी त्यात मांडले. माणसाच्या हीन स्थितीचे कारण त्याच्या स्वतःच्या दोषांत आहे असे मानले, तर दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये, शाळा यांवर सारा भर येतो. कारण भोवतालच्या परिस्थितीत आहे असे मानले, तर ती परिस्थितीच बदलावी लागते. बाबासाहेबांनी दुसरी दृष्टी धरली. विहिरी, शाळा, गावची चावडी, सार्वजनिक वाहने यांवरील नागरी हक्क प्रत्यक्षात बजावून घेण्याची मोहीम, नोकरी-रोजगारात समान संधी आणि सामाजिक मिसळ, असा कार्यक्रम त्यांनी सुचवला. हे काम करणारे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य समाजातीलच असावेत, असेही त्यांनी सांगितले.

संघाने पहिल्या दृष्टीचीच कामे मुख्यतः हाती घेतली. जातिव्यवस्थेचा उच्छेद आणि सहभोजन हे विषय संघाने आपल्या कार्यकक्षेबाहेर ठेवले होते. संघाच्या कारभारात आपल्याला स्थान असावे अशी मागणी अस्पृश्यांच्या प्रतिनिधींनी केली, तेव्हा गांधीजींनी अशी भूमिका घेतली की हा सवर्णांच्या प्रायश्चित्ताचा मार्ग आहे. ते ऋणको आहेत, ऋण त्यांनीच फेडायचे आहे. अस्पृश्यांनी फार तर सल्लागार मंडळे स्थापावीत. १९४५ साली काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झाडाझडती घेणारा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी प्रसिद्ध केला आणि त्यात एक संपूर्ण प्रकरण या संघाच्या कार्याच्या परीक्षणाला दिले. संघाचा पैसा, कार्यक्रम, कारभार आणि हेतू या चारही अंगांनी त्यांनी त्याची तपासणी केली. वाटलेली मदत त्यांनी नाकारली नाही. त्या मदतीने अस्पृश्याचे सामर्थ्य वाढले की त्याचे परावलंबन, हे मात्र त्यांनी विचारले.

हक्काच्या प्रकल्पाचे मूल्यमापन करताना हीच कसोटी लावावी, असे माझे मत आहे. प्रकल्पाने माणसाला काय दिले याची यादी दुय्यम होय. प्रकल्पापूर्वी ज्याच्यापुढे तो मान खाली घालत होता, त्याच्यापुढे आज तो हक्काने उभा राहू शकतो काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

आजचे निकष आणि त्यांचा उपयोग

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने १९९१ साली मूल्यमापनाचे पाच निकष मांडले: समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी प्रभाव आणि टिकाऊपणा. २०१९ साली त्यांत सुसंगतीची भर पडली. जगभरातील देणगीदार संस्था आज हेच निकष वापरतात. सोप्या शब्दांत सांगायचे तर हे सहा प्रश्न आहेत. काम लोकांच्या खऱ्या गरजेचे होते काय? इतरांच्या कामाशी ते जुळते काय? ठरवलेले उद्दिष्ट साधले काय? पैसा आणि वेळ योग्य रीतीने वापरला काय? व्यापक बदल घडला काय? निधी थांबल्यावर तो टिकेल काय?

हे प्रश्न उपयुक्त आहेत. मात्र त्यांची उत्तरे कोणाच्या तोंडून घेतली, यावर सारे अवलंबून असते. ‘समर्पकता’ सरपंचाला विचारली तर एक उत्तर येते, वस्तीतील शेतमजूर स्त्रीला विचारली तर दुसरे.

एक उदाहरण : अत्याचारग्रस्तांना कायदेशीर साहाय्य

समजा, एखाद्या जिल्ह्यात अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ अन्वये पीडितांना साहाय्य करणारा तीन वर्षांचा प्रकल्प आहे. संस्थेच्या अहवालात शिबिरांची, पत्रकांची, भेटींची संख्या असेल. मूल्यमापकाने कायद्याचीच पट्टी हाती घ्यावी. २०१५ च्या दुरुस्तीनंतर दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल होणे अपेक्षित आहे. ते किती प्रकरणांत झाले? कलम १५ अ ने पीडित व साक्षीदारांना सुनावणीची, जामिनाच्या अर्जाची पूर्वसूचना मिळण्याचा हक्क दिला आहे. ती सूचना घरी पोहोचली काय? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी असा १९९५ च्या नियमांचा दंडक आहे; बैठका झाल्या काय आणि त्यांत या प्रकरणांची चर्चा झाली काय? अर्थसाहाय्याचे टप्पे वेळेवर मिळाले काय?

याच्याही पुढे जावे लागते. किती साक्षीदार फितूर झाले आणि का? फिर्याद दिल्यावर उलट गुन्हा किती जणांवर दाखल झाला? फिर्यादी कुटुंबाची मजुरी बंद झाली काय, त्याला गाव सोडावे लागले काय? ही उत्तरे आकड्यांइतक्या सहजतेने हाती लागत नाहीत, पण न्यायाची किंमत कोणी मोजली हे त्यांतूनच कळते.

दोषसिद्धीचा आकडासुद्धा डोळे झाकून घेण्यासारखा नसतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीऐवजी २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप मात्र दोन्ही न्यायालयांत टिकला नाही. एखाद्या तक्त्यात या खटल्याची नोंद ‘दोषसिद्धी झाली’ अशी होईल. त्या हत्याकांडामागच्या जातीला न्यायालयात नाव मिळाले नाही, हे त्या रकान्यात कोठेच दिसणार नाही.

स्वातंत्र्य कोणापासून?

मूल्यमापक ‘स्वतंत्र’ असावा असे सगळेच म्हणतात. हे स्वातंत्र्य तीन ठिकाणी जपावे लागते. पहिले, प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेपासून. भेटीची गावे संस्थेनेच निवडली आणि दुभाषाही तिनेच दिला, तर मूल्यमापकाला दाखवायचे तेवढेच दिसते. गावांची संपूर्ण यादी घेऊन त्याने स्वतः निवड करावी. प्रकल्प सोडून गेलेल्यांना आणि ज्यांची फिर्याद मागे घेतली गेली त्यांनाही भेटावे. दुसरे, देणगीदारापासून. मूल्यमापकाचे मानधन बहुधा देणगीदारच देतो. म्हणून अहवालातील निष्कर्ष बदलण्याचा अधिकार कोणालाही नसेल आणि मतभेद असल्यास तो अहवालासोबत छापला जाईल, हे करारातच लिहिलेले असावे. तिसरे, गावातील सत्तेपासून. पाटलाच्या ओसरीवर बसून दलित वस्तीची मुलाखत घेणारा मूल्यमापक कागदोपत्री स्वतंत्र असला तरी समोरच्या माणसाची जीभ तेथे मोकळी होत नाही.

याच्याशी सुरक्षिततेचा प्रश्न जोडलेला आहे. खटला चालू असताना साक्षीदाराचे नाव, गाव, छायाचित्र अहवालात आले तर मूल्यमापनच अपायकारक ठरेल. संमती घ्यावी, ती नाकारण्याची मुभा द्यावी, नोंदी कुलपात ठेवाव्यात. कोणाच्याही दुःखाचा देणगीदारासाठी देखावा करू नये.

काळाचे भान

प्रकल्पाची मुदत बहुधा तीन ते पाच वर्षांची असते. हक्काच्या लढ्याचे पंचांग वेगळे असते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. लगोलग मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे दुसरा सत्याग्रह स्थगित करावा लागला. तीन वर्षांनी, १९३० साली, कोणी मूल्यमापक महाडला आला असता तर ‘उद्दिष्ट साध्य झाले नाही’ असा शेरा त्याने मारला असता. मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. मधल्या काळात एका समाजाचा ताठ झालेला कणा कोणत्याही तक्त्यात मावणारा नव्हता. म्हणून अपूर्ण राहिलेले काम आणि फसलेले काम यांतील फरक मूल्यमापकाला ओळखता आला पाहिजे. अर्थात, ‘बदलाला वेळ लागतो’ ही सबब पुढे करून आळस आणि अफरातफर झाकण्याची मुभा त्यामुळे कोणत्याही संस्थेला मिळत नाही.

अहवाल कोणाचा?

बहुतेक अहवाल इंग्रजीत लिहिले जातात, देणगीदाराकडे जातात आणि कपाटात विसावतात. ज्यांच्या जगण्यावर ते लिहिले, त्यांना ते कधी दिसत नाहीत. याला पर्याय आहे. १९९४ साली राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई सुरू केल्या. सरकारी कामांची हजेरीपत्रके, बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली आणि मजुरांनी खऱ्याखोट्याची साक्ष दिली. पुढे २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेमार्फत सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली. हक्काच्या प्रकल्पाचा अहवालही वस्तीच्या भाषेत, वस्तीसमोर, साक्षीदारांची ओळख उघड न करता वाचला जावा आणि सुचवलेल्या सुधारणांपैकी काय करणार, केव्हा करणार, याचे लेखी उत्तर संस्थेने त्याच सभेत द्यावे.

आपल्या चळवळीतील काही मंडळींना अशा परीक्षणाची धास्ती वाटते. आपले दोष उघडे पडले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, निधी आटेल, असे ते म्हणतात. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु झाकलेला दोष विरोधकाला उशिरा सापडतो एवढेच. आपल्या माणसाला तो रोज सोसावा लागतो. ज्या समाजाने दुसऱ्याच्या दयाबुद्धीचे इतके निर्भीड परीक्षण केले, त्याने स्वतःच्या संस्थांना त्यातून वगळू नये.

भगवान बुद्धांनी भिक्खुसंघाला घालून दिलेली पवारणेची प्रथा या दृष्टीने मननीय आहे. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खू संघासमोर येतो आणि आपल्याकडून घडलेला दोष कोणी पाहिला, ऐकला किंवा कोणाला तशी शंका आली असेल तर करुणेने सांगावा, अशी विनंती करतो. ज्येष्ठ भिक्खूही तीतून सुटत नाही. दानावर जगणाऱ्या संघाने दोष ऐकण्याचे हे व्रत अडीच हजार वर्षे जपले आहे. समाजाच्या दानावर उभ्या असलेल्या प्रत्येक शाळेने, वसतिगृहाने आणि हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेने वर्षातून एकदा असा दिवस ठरवावा, त्या दिवशी आपले हिशेब आणि आपले काम ज्यांच्यासाठी ते आहे त्यांच्यासमोर मांडावे आणि माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी त्या सभेला आवर्जून हजर राहून प्रश्न विचारावेत.

जय भीम! नमो बुद्धाय!